कारणाचा रकाना

शेंडेदरा गावात गेल्या बारा वर्षांत एकही तंटा झालेला नाही. भांडणं होतात, डोकी फुटतात, एकदा एक मोटारसायकल माणसासकट विहिरीत गेली. पण तंटा झालेला नाही. सुप्याच्या एमआयडीसीकडून येताना गावाच्या तोंडाशीच तसा बोर्ड लावलेला आहे. तो खोटा ठरू न देणं ही तंटामुक्ती समितीची जबाबदारी, आणि समिती ती मनावर घेते.

समितीची पद्धत सोपी आहे. मारामारी झाली की दोन्ही बाजूंना ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बोलवायचं, चहा पाजायचा आणि नोंदवहीत एक ओळ लिहायची. वहीत चार रकाने आहेत : तारीख, दोन्ही बाजूंची नावं, कारण, निकाल. निकाल नेहमी ‘आपसात मिटले’ हाच असतो, म्हणून सचिवांनी त्याचा शिक्का करून घेतला आहे. कारण मात्र दर वेळी हाताने लिहावं लागतं. सचिव राधाकृष्ण गुरुजी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. मोकळा सोडलेला रकाना त्यांना बघवत नाही.

डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या चौदा महिन्यांत वहीत सोळा नोंदी झाल्या. त्यातल्या अकरा नोंदींत पहिलं नाव एकच आहे, हर्षल. डिसेंबरात त्याने दुधाच्या टेम्पोच्या ड्रायव्हरला कानाखाली मारली आणि कानाचा पडदा फाटला. कारण : थंडी. एप्रिलमध्ये चुलतभावाचा हात मोडला. कारण : उन्हाळा. जूनमध्ये सलूनमधला आरसा आणि कारागिराचं नाक. कारण : हवेतील बदल. गणपतीत डीजेवाल्याचे दोन दात पडले. तिथे गुरुजींना विचार करावा लागला नाही, त्यांनी ‘डीजे’ असंच लिहिलं. नवव्या नोंदीत हर्षलची आई मालनबाई हिच्या मनगटाला प्लास्टर. कारण : फरशी ओली. दहाव्या आणि अकराव्या नोंदीत त्याची बायको ज्ञानेश्वरी. दहावीचं कारण ‘घरगुती’. अकरावीचं ‘घरगुती (मागील पानावरून पुढे)’.

हर्षल एकोणतीस वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी त्याने सहादेवच्या जिममध्ये नाव घातलं तेव्हा वजन चौसष्ट किलो होतं; आता त्र्याण्णव. मान डोक्याएवढी रुंद झाली, तेव्हा समितीचे अध्यक्ष काकासाहेब यांनी त्याला नोकरी दिली. काकासाहेब सुप्याच्या दोन कारखान्यांना कंत्राटी कामगार पुरवतात. एकशे चाळीस माणसं त्यांच्या हजेरीपटावर आहेत आणि हर्षल त्यांचा सुपरवायझर. काम एवढंच की शिफ्ट सुटताना गेटजवळ हाताची घडी घालून उभं राहायचं. तो उभा राहायला लागल्यापासून कामगारांच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या, हे काकासाहेब कंपनीच्या मीटिंगमध्ये आकडेवारीसह सांगतात.

रविवारी, ९ फेब्रुवारीला, सकाळी अकरा वाजता समिती बसली. पुढे प्रश्न एकच होता : ज्ञानेश्वरीला परत नांदायला कधी पाठवायचं. पाठवायचं की नाही, हा प्रश्न समितीने तिच्या माहेरी धाडलेल्या पत्रात नव्हता.

ज्ञानेश्वरी सव्वीस वर्षांची, डी. फार्म. झालेली. वडील लहानपणीच गेले. तिला घोडेगावात मामाने वाढवलं. हा मामा, भीमा, जनावरांचा व्यापारी. १६ जानेवारीला हर्षलच्या अंड्यांत पिवळा बलक राहिला, त्यावरून तिच्या भुवईला तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी ती मामाकडे गेली आणि तेवीस दिवस तिथेच होती. परत जायचं नाही, हे तिने एसटीतच ठरवलं होतं. पण शेंडेदऱ्यातल्या निम्म्या गोठ्यांत भीमाने दिलेली जनावरं होती. गावाच्या पत्राकडे पाठ फिरवणं त्याला जमणारं नव्हतं. आणि तिलाही वाटत होतं की खरं कारण एकदा पुराव्यासह समोर ठेवलं, तर ‘परत जा’ म्हणायला कुणाची जीभ रेटणार नाही.

हॉलमध्ये समितीचे सात जण होते. हर्षल भिंतीला खुर्ची टेकवून बसला होता. टी-शर्टच्या बाह्या दंडावर मावत नव्हत्या. शेजारी मालनबाई. ज्ञानेश्वरी समोरच्या बाकावर, आणि भीमा दाराशी, कारण त्याच्या पिकअपचा वास त्याच्या कपड्यांनाही येतो हे त्याला माहीत होतं.

“बोल, ज्ञानेश्वरी,” काकासाहेब म्हणाले. “मन मोकळं कर, बाळा. इथं सगळी तुझ्या बापाच्या जागी हायेत. फक्त जरा आटपून. दीडला मला एका साखरपुड्याला जायचंय.”

ज्ञानेश्वरीने पिशवीतून प्लॅस्टिकचा डबा काढून टेबलावर उघडला. आत इंजेक्शनच्या सहा रिकाम्या बाटल्या होत्या.

“ह्या यांच्या कपाटात सापडल्या. स्वेटरच्या मागे.”

सगळ्यांनी हर्षलकडे पाहिलं. हर्षलने सहादेवकडे पाहिलं. सहादेव जिमचा मालक आणि समितीतला युवा प्रतिनिधी.

“टॉनिक हाय ते,” सहादेव म्हणाला. “व्हिटॅमिन.”

“व्हिटॅमिनच्या बाटलीवर घोड्याचं चित्र नसतं, सहादेवभाऊ.”

“घोड्याची ताकद येती म्हनून असंल,” काकासाहेब म्हणाले. “आमच्या येळंला बैलाचं चित्र असायचं खताच्या गोणीवर. मानसं खात न्हवती ती, पन पीक यायचं.”

ज्ञानेश्वरीने समजावून सांगितलं. हे पुरुषी हार्मोन. ज्याच्या शरीरात ते कमी पडतं त्याला डॉक्टर तपासून, मोजून देतात. हे तर जनावरांसाठी बनवलेलं, आणि त्याच्या कितीतरी पट. त्याने अंग फुगतं. पाठीवर फोड येतात, झोप उडते, रक्तदाब चढतो. राग वाढतो. सगळ्यांचा नाही; पण ज्याचा आधीच नाकावर असतो त्याचा ताबा सुटू शकतो. ती अठरा मिनिटं बोलली. मध्ये चहा आला.

“उष्ण पडतं, असं म्हणायचंय का तुला?” गुरुजींनी पेन उघडत विचारलं. “मग कारण ‘उष्ण आहार’ लिहू?”

“आहार नाही गुरुजी, औषध.”

“आहारातच येतं ते.”

“आन म्या म्हनते, बायकूनं धड जेवायला घातलं तर मानूस सुया कशाला टोचून घील?” मालनबाई पुढे सरकली. “अंडं उकडून द्यायचं, पिवळं काडायचं. एवढं बी हुईना. माझ्या लेकाला लहानपनापासून राग येतो. ह्याच्या बापाला बी यायचा. आज्जाला तर लईच. ते कुटं सुया घेत हुते?”

“आत्या, तुमचं मनगट…”

“माझ्या मनगटाचं नाव काडू नको. मी पडले.”

“आन दुसरं,” सहादेव म्हणाला, “हर्षल एकटा हाय का? आनखी सहा जन घेत्यात. म्हंजी टॉनिक. त्यांना काय झालं? सुखानं संसार करत्यात. इचारा त्यांच्या बायकांला.”

“मूलबाळ झालं की शांत हुतो मानूस,” काकासाहेबांनी घड्याळ पाहत आपलं मत दिलं. “माझं आसंच झालं.”

पावणेबारा वाजता परिस्थिती अशी होती : सुचवलेली कारणं पाच, त्यातल्या तीन कारणांत दोष ज्ञानेश्वरीचा आणि एकात अंड्याचा. तेव्हा दाराशी बसलेला भीमा उठला.

“मी बगू का जरा बाटली?”

त्याने बाटली उजेडाकडे धरली, उलटी केली, तळाशी राहिलेल्या तेलकट थेंबाचा वास घेतला. मग तो हर्षलकडे वळला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. जनावराकडे पाहायची भीमाची एक रीत आहे. तो आधी पुढून बघत नाही. बाजूने एक चक्कर मारतो, मग मागून, आणि तोंडापुढे सगळ्यात शेवटी येतो. तशी त्याने चक्कर मारली.

“काकासाहेब, ह्याची मान बगा. रग हाय, पन घट्ट न्हाई, नुसता फुगवटा हाय. तोंडावर पानी धरलंय. डोळा बगा, कडा लाल. पाठीला पुरळ असनार. हाय का न्हाई, मालनबाई?”

“हाय,” मालनबाई म्हणाली आणि बोलून गेल्यावर चपापली.

“तीस वर्सं जनावरं घेतोय-इकतोय. कुटल्या बी बाजारात दोन-चार जन असे असत्यात. बाजाराच्या आधी टोचायचं. कातडी चकाकती, वशिंड भरतं, गिऱ्हाईक खूश. घरी न्हेलं की चौथ्या दिशी खुंटा उपाटतंय, आन म्हैना-दोन म्हैन्यात धार काडनाऱ्याला शिंग लावतंय. त्याला आमी फुगवल्यालं जनावर म्हनतो. हे,” त्याने हर्षलच्या खांद्यावर हात न ठेवता बोट दाखवलं, “फुगवल्यालं हाय.”

हॉलमधल्या खुर्च्या पुढे सरकल्या. औषधशास्त्राची पदविका अठरा मिनिटांत जिथे पोहोचली नव्हती तिथे भीमा चार मिनिटांत पोहोचला. समितीतल्या सातांपैकी पाच जणांनी आयुष्यात कधी ना कधी असलं जनावर घेतलं होतं आणि त्यातले दोघे ते भीमाकडून घेऊन फसले होते. त्यामुळे त्याच्या ज्ञानाबद्दल शंका नव्हती.

“माझी तांबडी गाय आशीच हुती,” एक जण म्हणाला.

“तुझी तांबडी म्हातारी हुती,” दुसरा म्हणाला.

“तर बाजाराची रीत अशी,” भीमा पुढे म्हणाला. “मारकं हाय म्हनून सांगून इकलं, तर ती गिऱ्हाइकाची मर्जी. न सांगता गळ्यात मारलं, तर सौदा मोडतो. आमाला पोरगं दाखवलं तवा कोनी सांगितलं न्हाई. सौदा मोडला. पोरगी माझ्या दावनीला ऱ्हाईल.”

काकासाहेब पहिल्यांदाच घड्याळ विसरले. “परत करायची बोली आठ दिसांची आस्ती, भीमा. लग्नाला चौदा म्हैने झाल्यावर कोन परत घेतो?”

“खोड असंल तर आठ दिस. फसवनुकीला मुदत नस्ती.”

“पन जनावर वापरलं की मग?”

“वापरलं म्हंजी? त्यानंच आमाला वापरलं.”

वाद रंगला. रोख आणि उधारीच्या सौद्यात फरक पडतो का, मध्यस्थाची जबाबदारी किती, दाखला कुणाच्या नावावर. लग्न जमवणारा मध्यस्थ समितीतच बसला होता. तो पाणी प्यायला बाहेर गेला. शेवटी गुरुजींनी चष्मा काढला.

“एक शंका आहे. या सौद्यात गिऱ्हाईक कोण आणि जनावर कोण, हे वहीत स्पष्ट यायला हवं.”

आधीच्या बैठकांत हा प्रश्न कधी निघाला नव्हता, कारण बांधून कुणाला न्यायचं याबद्दल दुमत नसायचं. ज्ञानेश्वरीला त्या क्षणी वाटलं, की आपण सुटलो.

सुटला तो हर्षल. काकासाहेब वीस वर्षं माणसं पुरवण्याच्या धंद्यात आहेत. हातातला माणूस जाऊ द्यायचा नाही आणि दोषही कुणाच्या तरी माथी मारायचा, याची त्यांना सवय आहे. त्यांनी दोन मिनिटं डोळे मिटले आणि उघडले तेव्हा चेहरा प्रसन्न होता.

“भीमा, तू बरोबर बोलला. ज्ञानेश्वरी, तू बी बरोबर. आमचंच चुकलं. एवढे दिस आमी पोराला दोष देत हुतो. पोरगं मारतच न्हाई. इंजेक्शन मारतंय.”

हॉलमध्ये सुटकेचा असा काही सुस्कारा पडला की टेबलावरचं पत्र उडालं. ज्याला त्याला बोलायचं होतं. म्हणजे मुळात पोरगं गुणी. म्हणजे घराणं चांगलं. म्हणजे दोष त्या कंपनीचा, जी अशा बाटल्या बनवते, आणि ती कंपनी बहुधा परराज्यातली. सहादेवने, ज्याच्या जिमच्या फ्रिजमधून बाटल्या आल्या होत्या, उभं राहून जाहीर केलं की आजपासून असल्या घातक पदार्थाला आपल्या जिममध्ये थारा नाही. त्याला टाळ्या पडल्या. मालनबाईने डोळ्याला पदर लावला. “म्हनत हुते ना मी! माझं लेकरू निर्मळ हाय.”

हर्षललाही हे पटलं. तो खाली मान घालून म्हणाला, “मला कळतच न्हाई त्या टायमाला. डोकं बधिर हुतं.”

गुरुजींनी लाल पेन काढलं. चुकीची नोंद तशीच ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी मागची पानं काढून ‘थंडी’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘इंजेक्शन’. बाजूला सही. ‘उन्हाळा’ खोडला, इंजेक्शन, सही. ‘हवेतील बदल’ आणि ‘डीजे’ खोडले. नवव्या ओळीवर ते थांबले.

“मालनबाई, ही पण दुरुस्त करायची?”

“ती ऱ्हाऊ द्या. फरशी वलीच हुती.”

काकासाहेब ठराव सांगू लागले आणि गुरुजी लिहू लागले. सदर तरुण हा मुळात सद्वर्तनी असून, त्याच्या हातून घडलेल्या प्रकारांस सदर इंजेक्शन सर्वस्वी जबाबदार आहे. सबब, बाटल्या मारुतीच्या मंदिरामागे ग्रामस्थांसमक्ष फोडण्यात याव्यात. फोटो पेपरला द्यावा. हर्षलने देवापुढे नारळ फोडून सुई सोडल्याचं सांगावं. गावाच्या तोंडाशी बोर्डाला जागा शिल्लक असल्याने तिथे ‘नशामुक्त गाव’ असा दुसरा बोर्ड लावावा. आणि कारणच दूर झाल्यामुळे, सौ. ज्ञानेश्वरी यांनी आजच सासरी नांदावयास जावे.

“आजच?” भीमा म्हणाला.

“दिवस चांगला हाय. पिकअप हाय. सामान कुटं हाय तिचं?”

भीमाने ज्ञानेश्वरीकडे पाहिलं. बाजारात सौदा हातातून गेला की तो खांदे उडवून दुसऱ्या दावणीकडे वळायचा. इथे दुसरी दावण नव्हती. त्याने स्वतःच्या तोंडाने हर्षलला जनावर म्हटलं होतं, आणि जनावराला दोष देत नाहीत.

ज्ञानेश्वरी डब्यातल्या बाटल्यांकडे बघत होती. त्या तिने स्वतः शोधल्या होत्या, धुतल्या नव्हत्या, पुरावा म्हणून जपून आणल्या होत्या. आता त्यांनीच तिला घरी पोहोचवायचं ठरवलं होतं.

“गुरुजी,” ती म्हणाली, “ती वही वाचून दाखवाल का? कारणं नकोत. दुसरा रकाना. मार कुणाला बसला तेवढीच नावं.”

“कशाला आता?” काकासाहेब म्हणाले. “झालं-गेलं मिटलं.”

पण गुरुजींना वाचून दाखवा म्हटलं की राहवत नाही. त्यांनी वाचलं. दूध टेम्पोचा ड्रायव्हर. चुलतभाऊ. सलूनचा कारागीर. कंपनीतला हेल्पर, बिहारचा. कंपनीतला दुसरा हेल्पर. रसवंतीवाला. रात्रपाळीचा म्हातारा वॉचमन. डीजेवाला. आई. बायको. बायको.

“अकरा,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “यात काकासाहेब, तुमचं नाव कुठं ऐकलं नाही मी.”

“माझं कशाला असंल?”

“तुम्ही तर यांच्याशी रोज बोलता. दिवाळीला बोनस कापला तेव्हा हे तीन दिवस घरात जेवले नाहीत. तुमच्यासमोर काय म्हणाले?”

काकासाहेबांनी आठवून पाहिलं. “काय न्हाई. ‘बरं’ म्हनला.”

“नोव्हेंबरमध्ये कंपनीच्या मॅनेजरसाहेबांनी यांना गेटवर सगळ्यांदेखत आईवरून शिवी दिली. इंजेक्शन चालूच होतं. तारखा आहेत माझ्याकडे. साहेबांचं नाव वहीत आहे का, गुरुजी?”

“नाही.”

“हे घरी आल्यावर माझं नाव वहीत आलं. आणि सहादेवभाऊ, तुम्ही टॉनिकवाले, तुमचं नाव? तुमचे आणखी सहा जण तेच घेतात आणि सुखाने संसार करतात, हे तुम्हीच सांगितलंत मघाशी.”

सहादेव छताच्या पंख्याकडे बघू लागला.

“औषधाने राग वाढतो, हे मीच सांगितलं. खरंच आहे ते. पण मारायचं कुणाला, हे बाटलीवर छापलेलं नसतं. ते यांचं यांना बरोबर कळतं. डोकं बधिर होतं म्हणतात. अकरा वेळा झालं, एकदाही चुकून भलत्या माणसावर हात पडला नाही.”

हर्षल उठला.

उठताना त्याची खुर्ची मागे आडवी झाली. तो मोठ्याने काही बोलला नाही. नाकाने श्वास घेत होता आणि तो आवाज दारापर्यंत ऐकू येत होता. समितीच्या तिघांनी आपल्या खुर्च्या मागे ओढल्या. सहादेव कपाटाच्या आडोशाला गेला. भीमा मध्ये यायला निघाला, पण बाक आडवा होता. ज्ञानेश्वरी जागची हलली नाही. धैर्य वगैरे नव्हतं. मागे भिंत होती. हर्षलने दोन पावलं टाकली आणि उजवा हात मागे घेतला.

काकासाहेब मोबाईलवर साखरपुड्याच्या हॉलचा पत्ता बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“हर्षल,” ते म्हणाले. “बस खाली.”

हर्षल बसला. खुर्ची पडलेली होती, म्हणून फरशीवरच बसला.

गुरुजींचं लाल पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं आणि तिथे एक ठिपका मोठा होत गेला. त्र्याण्णव किलोचा माणूस मांडी घालून, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्यासारखा बसला होता. काकासाहेबांनी शांततेमुळे डोकं वर काढलं, सगळीकडे पाहिलं, आणि काय घडलं ते त्यांना कळलं तेही आपल्या पद्धतीने.

“बगा!” ते अभिमानाने म्हणाले. “बगा, किती ऐकतो पोरगा! आन तुमी म्हनता ताबा न्हाई!”

कुणी टाळी वाजवली नाही.

मालनबाई मुलाकडे बघत होती. त्याच्या दंडाकडे नाही, मांडी घातलेल्या पायांकडे. “त्यो बसला,” ती म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली हे कळलं नाही. “एका शब्दात बसला.”

“व्हय ना,” काकासाहेब म्हणाले. “मग? घरी बी ऐकंल.”

“घरी म्या हातापाया पडले हुते त्याच्या.”

काकासाहेबांनी हे ऐकलं नाही किंवा ऐकलं नसल्याचं ठरवलं. “चला, गुरुजी, शिक्का मारा.”

“मी येणार नाही,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “लिहा तसं.”

गुरुजींनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं नाही की कारण काय. त्यांनी नव्या ओळीत आजची तारीख लिहिली, दोन नावं लिहिली, आणि पेनचं टोपण लावलं. शिक्का त्यांच्याच हाताशी होता. तो त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर बंद केला.

“अवो गुरुजी!”

“माझ्या हाताला कंप सुटलाय, काकासाहेब. वय झालं.”

ज्ञानेश्वरीने बाटल्या डब्यात भरल्या. मंदिरामागे फोडायच्या त्या आपल्या ताब्यात द्याव्यात, असं सहादेव म्हणाला. तिने झाकण लावलं. इथून आपण सुप्याच्या पोलीस ठाण्यात जाणार आहोत, हे तिने दारात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

ते ऐकून मात्र काकासाहेब खुर्चीतून उठले. “पोलीस? आगं ज्ञानेश्वरी, बाळा, इचार कर. बारा वर्सं! बारा वर्सं ह्या गावात तंटा न्हाई!”

“आजपासून हाय,” भीमा म्हणाला आणि चप्पल घालू लागला.

पिकअप ग्रामपंचायतीसमोरच्या लिंबाखाली होती. मागच्या हौद्यात भुसा आणि एक मोकळं दावं. ज्ञानेश्वरी पुढे बसली, डबा मांडीवर घेतला. भीमाने चावी लावली, तेवढ्यात डाव्या दरवाजावर थाप पडली.

मालनबाई. डोक्यावर पदर, पायात एकच चप्पल, दुसरी हातात. गडबडीत चपलेचा अंगठा तुटला होता.

“सरक,” ती सुनेला म्हणाली.

“इहीनबाई, तुमी कुटं?” भीमाने विचारलं.

“जिकडं ही चालली तिकडं.”

हॉलच्या दारात काकासाहेब, सहादेव आणि आणखी दोघे उभे होते. हर्षल दिसत नव्हता. बहुधा त्याला उठायला कुणी सांगितलं नव्हतं. ज्ञानेश्वरी गिअरच्या बाजूला सरकली. मालनबाई चढली, दरवाजा दोनदा आपटल्यावर लागला. गाडी बोर्डाजवळून वळून सुप्याच्या रस्त्याला लागली.

“पोलिसाला काय सांगायचं आस्तं?” मालनबाईने विचारलं.

“झालं ते, आत्या.”

“आक्षी सगळं?”

“सगळं.”

समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला आणि भीमाने गाडी कडेला घेतली.

“सगळं म्हनलं तर माझ्या लग्नापासून सुरू करावं लागंल,” मालनबाई म्हणाली. “सासऱ्यापासून. आज एका दिसात हुईल का?”

भीमाने ट्रॅक्टर पुढे जाऊ दिला.

“ठानं रातंदिस उघडं आस्तं, इहीनबाई,” तो म्हणाला आणि गिअर टाकला.